दाराजवळची कॉट

बाबांनी कणकवली स्टेशनवरच बजावलं होतं, “गेल्या गेल्या खिडकीकडची खाट धर गो. वारो येतलो.” एसटी नीट थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा माणूस तो. त्यांच्या हिशोबाने हॉस्टेल म्हणजे साडेचार वर्षांची एसटीच होती. इंटर्नशिप धरली तर साडेपाच.

2009 चा ऑगस्ट. एमबीबीएसला माझा नंबर नागपुरात लागला होता. कणकवलीहून मुंबई, तिथून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी स्टेशनाबाहेर तर्री-पोहे, आणि रिक्षाने हॉस्टेल. पुण्यातल्या स्वाइन फ्लूच्या बातम्यांनी पेपर भरलेले, म्हणून बाबांनी प्रवासभर नाकाला मोठा रुमाल बांधला होता. जिना कुठाय, रेक्टर मॅडम कुठायत, काही न विचारता ते तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत शिरले आणि नाकावरचा रुमाल सोडून खिडकीखालच्या कॉटकडे निघाले.

रुमालाला उशीर झाला होता. खिडकीखाली एक निळी सुटकेस आडवी पडली होती. पंख्याखालच्या कॉटवर तिच्याच जोडीची लहान बॅग, आणि प्लगजवळच्या कॉटवर बादली, मग आणि फराळाचे दोन डबे. तीन कॉट, एकीचं सामान. तिचे वडील दारात उभे राहून हसत म्हणाले, “काही नाही, नुसतं ठेवलंय हो.”

ही लातूरची. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘पॅटर्न’ पडलं. लातूर पॅटर्न म्हटलं की महाराष्ट्रातल्या बारावीच्या पोरांच्या पोटात गोळा येतो, आणि हिचे सीईटीचे मार्कही तसेच होते.

खोली कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. तिघींसाठी बांधलेली खोली, म्हणून कपाटं तीन. चौथी कॉट मागाहून कोंबलेली. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी, तिच्याखाली एक कॉट. डाव्या भिंतीला दुसरी, जवळजवळ पंख्याखाली. उजव्या भिंतीला तिसरी, उशाशी खोलीतला एकुलता एक धड प्लग आणि पायथ्याशी कपाटांची रांग. चौथी खिडकीच्या बरोबर समोर, दाराला लागून. ही चौथी कुणालाच नको होती. दार उघडलं की कॉटच्या पायाला आपटायचं. वरच्या काचेतून कॉरिडॉरचा दिवा रात्रभर तोंडावर. येणारी प्रत्येक जण आधी त्याच कॉटवर बूड टेकणार, आणि रात्री-बेरात्री सिनियरने दार वाजवलं की उठायचं कुणी, तर तिनेच.

दुपारपर्यंत चौघी जमलो. तिसरी पुण्याची. तिला आम्ही ‘पुणेकर’च म्हणत आलो, आजही फोनमध्ये ती त्याच नावाने आहे. चौथी चंद्रपूरची. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा, म्हणून ती चांदा. ती एकटीच आली होती, हातात एक पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर गुंडाळलेली गादी. चारही कॉटकडे तिने एकदा पाहिलं, मग खिडकीकडे गेली, बाहेर डोकावली, चौकटीवरून हात फिरवला, परत आली आणि दाराजवळच्या कॉटवर ट्रंक ठेवली.

“मी इथंच झोपते. मले रात्री उठा लागते,” ती म्हणाली. “पण एक कपाट मले एकटीले पाह्यजे.”

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यात वाईट कॉट ती आपणहून घेत होती. एका कपाटात काय जातं? आम्ही तिचे आभार मानले. पुणेकरने तर तिला चकली दिली.

उरल्या तीन कॉट आणि तिघी. पॅटर्नच्या वडिलांनी सुचवलं, “मेरिट नंबरानं घ्या की! कॉलेज मेरिटनं मिळालंय, मग कॉट बी मेरिटनं.” तसं पाहिलं तर आम्ही सगळ्या नुकत्याच त्याच चाळणीतून बाहेर पडलो होतो: वरच्या नंबराने आधी निवडायचं, खालच्याने उरलेलं. पण पॅटर्नचा नंबर आमच्यात पहिला आहे हे तिच्या वडिलांना चांगलं माहीत होतं आणि आम्हालाही. पुणेकरची आई म्हणाली, “जी आधी आली तिने आधी निवडावं, पण एकच.” त्यानेही पॅटर्नच पहिली. बाबा म्हणाले, माझी मुलगी सगळ्यात लांबून आली आहे. हा नियम कुणी ऐकलाच नाही.

मोठी माणसं बोलत असताना आम्ही तिघी काय करत होतो? आम्ही म्हणत होतो, “मला कुठलीही चालेल.” तिघीही. “अगं, खरंच, तू घे.” “नाही नाही, तुला हवी ती घे.” मराठी घरात वाढलेल्या मुलीला पहिल्या भेटीत ‘मला ही हवी’ म्हणता येत नाही, ताटात वाढलेलं नको असलं तरी ‘थोडंसंच’ म्हणायची सवय. मला खिडकी हवी होती. इतकी, की नाही मिळाली तर परत जावं असं वाटत होतं. आणि मी म्हणत होते, मला काय, मी कुठेही झोपते.

संध्याकाळी पालकांना बाहेर काढलं गेलं आणि आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मेसच्या पावतीच्या मागे खि, पं, प्ल असं लिहून चांदाच्या ओंजळीत. मला प्लग आला, पॅटर्नला पंखा, पुणेकरला खिडकी. “बरं झालं बाई, भांडण नको,” असं तिघी म्हणालो आणि पुढचे दोन आठवडे धुमसत राहिलो.

मला त्या कोपऱ्यात जीव घाबरा व्हायचा. डोकं भिंतीला, पाय कपाटाला. पॅटर्नला पंखा सोसायचा नाही. सकाळी नाक चोंदलेलं, डोकं धरलेलं. आणि रात्री दीडपर्यंत अॅनाटॉमी वाचायची तर ट्यूबलाइट लावून आमच्या शिव्या खाव्या लागायच्या, कारण टेबललॅम्पची वायर प्लगपर्यंत पोचत नव्हती. पुणेकर दुपारी लेक्चरवरून आली की तिची गादी उन्हाने तव्यासारखी तापलेली असायची. शिवाय खिडकीखालच्या कॉटवर झोपायचं तर डोकं उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. उत्तरेला नाही करायचं, हे तिच्या आजीने फोनवर बजावलेलं. दक्षिणेच्या टोकाला चौकट फुगून खिडकी नीट लागत नव्हती, पाऊस आत यायचा. बिचारी उशी छातीशी धरून मध्येच आखडून झोपायची.

मी एकदा धीर करून तिला विचारलं, “बदलायची का गं?”

“तुझी?” ती म्हणाली. “त्या कोपऱ्यात मी कशाला येऊ?”

तिने पॅटर्नला विचारलं. पॅटर्न म्हणाली, “खिडकी घेऊन मी काय करू? तिथं तर उजेड बी नाही रात्रीचा.” पॅटर्न माझ्याकडे आली. मी म्हटलं, पंख्याखाली येऊन मला काय मिळणार? तर तसं. प्रत्येकीने एकेकीला विचारून झालं, प्रत्येकीला नकार मिळाला. हिला माझंच बघवत नाही, असा तिघींचाही समज झाला. अॅनाटॉमीच्या अभ्यासाला लागणारा हाडांचा हाफ सेट, म्हणजे अर्धा सांगाडा, आम्ही एका सिनियरकडून चौघींत घेतला होता. तो कुणाच्या कॉटखाली ठेवायचा यावरून तर दोन दिवस अबोला होता. शेवटी चांदाने कवटी आपल्या ट्रंकेवर ठेवली आणि बाकीची पेटी कॉटखाली सरकवली. तिला भीती नव्हती, आणि कपाट तर अख्खं होतंच.

गाठ सुटली ती ढेकणांमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, सोबत बडगे, सगळे पुतळेच. एकोणिसाव्या शतकापासूनची मिरवणूक. शहरावरचं जे काही वाईट असेल ते ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायचं आणि शेवटी त्या पुतळ्यांचं दहन. कॉलेजला सुट्टी होती. चांदाने सकाळीच बादलीवर झाकण बडवत पुकारा केला, “ढेकणं घेऊन जा गे मारबत!” आणि आम्हाला कामाला लावलं. चारही लोखंडी कॉट मागच्या अंगणात काढल्या, पाय उलटे करून सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, गाद्या उन्हात टाकल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन मिळालं, तेवढं नशीब.

दुपारी कॉट आत न्यायची वेळ झाली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. कुठली कॉट कुणाची? एका कॉटची पट्टी तुटलेली होती, एक जरा लांब होती. पॅटर्न म्हणाली, चिठ्ठी कॉटची होती, माझी कॉट न्याल तिथं मी जाईन. पुणेकर म्हणाली, चिठ्ठी जागेची होती, लोखंडाची नाही. दोघींचं अंगणातच जुंपलं. ओल्या कॉटच्या कडेवर बसून चांदा हे बराच वेळ ऐकत होती.

“हिले प्लगवाली पाह्यजे,” ती पॅटर्नकडे बोट करून म्हणाली. “ते हिच्यापाशी हाय. हिले खिडकी पाह्यजे. ते तिच्यापाशी. आन तिले पंखा पाह्यजे, तो हिच्यापाशी. मंग दोघी दोघी काऊन बोलता? तिघी एकदम उठा न!”

आम्ही गप्प. इतकं सोपं होतं. दोघींची अदलाबदल कुठेच जमत नव्हती, तिघींची एका फेरीत जमत होती. मी म्हटलं, “आधी पुणेकरने खिडकी सोडावी, मग...” चांदाने मला तिथेच तोडलं. “एकदम म्हटलं मी. नाही तं पहिली बसन आपल्या जागी आन दुसरी म्हणन मी नाही उठत.”

हे वाक्य मला पुढे कामाच्या ठिकाणी आठवत राहिलं. मी आता किडनीच्या रुग्णांत असते. बायकोची किडनी नवऱ्याला जुळत नाही, दुसऱ्या घरातही तीच अडचण, पण आडवी जोडी लावली तर दोघांचं काम होतं. याला स्वॅप ट्रान्सप्लांट म्हणतात आणि आपल्याकडे 2011 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. कधी दोन जोड्यांत जमत नाही, तिसरी घेतली की फेरी पुरी होते. शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी सुरू करतात, कारण एकाला मिळून गेल्यावर त्याच्या माणसाने माघार घेतली तर पुढचा उघड्यावर पडतो. या फेरीमागचं गणित लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी 1974 मध्ये मांडलं. उदाहरण घरांचं होतं: प्रत्येकाकडे एक घर, प्रत्येकाला दुसऱ्याचं हवं. पुढे आल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते किडनीला लावलं. रॉथ आणि शॅप्लींना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एका सेमिनारमध्ये कुणाला कुणाचं हवं ते दाखवणारी बाणांची आकृती पडद्यावर आली तेव्हा मला अंगणातल्या ओल्या कॉट दिसल्या आणि मी भलत्याच ठिकाणी हसले.

तर मला खिडकी मिळाली. त्या फुगलेल्या चौकटीत मी वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या आणि उत्तरेला डोकं करून झोपले. आईला सांगितलं नाही. पहाटे मागच्या कडुलिंबावर साळुंक्या यायच्या. डिसेंबरात त्याच फटीतून असला गार वारा आला की मी दोन स्वेटर घालून झोपायला शिकले. कोकणातल्या मुलीला स्वेटर म्हणजे शाळेच्या सहलीचा ऐवज. पण सोडायची नाही म्हणजे नाही.

मार्च संपता संपता चांदा एका रविवारी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेली आणि परत येऊन म्हणाली, “कूलर सांगून आली. सीझनचे सोळाशे.”

मी कूलर तोवर जवळून पाहिला नव्हता. आमच्याकडे तो चालतच नाही. पाण्याने भिजलेल्या ताट्यांमधून कोरडी हवा ओढायची, पाणी उडून जाताना ती गार होते. आमच्या देवगडच्या, समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकं पाणी, की तिला आणखी काय पाजणार? नागपूरच्या एप्रिलमध्ये मात्र हवा पापडासारखी असते.

कूलरवाला आला. खिडकीबाहेर लोखंडी घोडी मांडली, वर कूलर चढवला, त्याचं तोंड खिडकीत बसवलं, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर. वाळ्याच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं तेव्हा जो वास सुटला, त्याला तोड नाही. मग त्याने मोटर सुरू केली. ट्रक चढावर लागल्यासारखा आवाज. गार झोत माझ्यावरून सरळ पुढे गेला, खोली ओलांडली आणि समोरच्या कॉटवर जाऊन पडला. चांदा तिथे पाय पसरून आडवी झाली होती.

“दार उघडं ठेवा लागते,” ती डोळे मिटून म्हणाली. “हवा निघून नाही गेली तं कूलर काही कामाचा नाही. नुसता दमटपणा होते.”

खिडकीतून आत, दारातून बाहेर. आणि दाराशी कोण? मला पहिला दिवस आठवला. ती खिडकीपर्यंत गेली होती, बाहेर डोकावली होती, चौकटीवरून हात फिरवला होता. वारा बघत नव्हती ती. घोडीला जागा आहे का आणि कूलरचं तोंड चौकटीत बसेल का, ते बघत होती. ऑगस्टात, भर पावसात, चंद्रपूरची ही पोरगी मे महिन्याची कॉट धरून बसली. रुमाल न टाकता.

“तुला माहीत होतं!” पुणेकर किंचाळली.

“मंग? तुमाले कोणी नाही म्हटलं होतं? आठ महिने सिनियरले दार मीच उघडून राह्यली न?”

हे तिचं बरोबर होतं, असं माझं आजही मत आहे. आम्ही तिची कॉट फुकट नाकारली होती. आमच्या अडाणीपणाची भरपाई तिने का करावी? पण कपाटाचं मात्र मला बरोबर वाटत नाही. चांगली वस्तू घेताना वाईट घेतल्यासारखा चेहरा करून वर कपाट उकळायचं, ही लबाडीच. तसं मी तिला म्हटलं. तिने त्याच संध्याकाळी कपाटाचे दोन खण रिकामे केले, त्यावर एका शब्दाने वाद घातला नाही.

पैशाचा वाद राहिला. सोळाशे भागिले चार, म्हणजे चारशे. मी म्हटलं, मी चारशे देणार नाही, मला मिळतोय तो आवाज. पॅटर्न म्हणाली, कपाट आडवं येतंय, मला अर्धाच वारा लागायलाय. तिने वहीचं पान फाडून चार कॉट काढल्या, प्रत्येकीवर चारशे लिहिलं आणि म्हणाली, “आता या दरानं कुणाला कॉट बदलून पाहिजे, हात वर करा.” तिघींचे हात वर. सगळ्यांना दाराजवळची. तिने दाराचे पाचशे केले, खिडकीचे तीनशे. पुन्हा हात. पुणेकरचा खाली आला, माझा अजून वर. दाराचे साडेपाचशे. चांदा उठून बसली. असं करत, खोडत, पुसत, चारही हात खाली राहिले तेव्हा पानावर होतं: दार सहाशे, पंखा साडेचारशे, प्लग साडेतीनशे, खिडकी दोनशे. सहाशे फार होतात म्हणून चांदा कुरकुरली. पॅटर्नने शांतपणे विचारलं, “मग खिडकी घेतेस? दोनशेला?” चांदा परत आडवी झाली.

पहिल्या रात्री मला झोप लागेना. मोटर कानात, आणि ताट्या जास्त भिजल्या की कूलरच्या तोंडातून थेंब उडायचे. कपाळावर एक, मग बऱ्याच वेळाने उशीवर एक. दुसऱ्या रात्री मी डोकं थोडं बाजूला घेतलं. थेंब चादरीवर पडायला लागले. टप, टप, मध्ये थांबून टप. तिसऱ्या की चौथ्या रात्री, अर्धवट झोपेत, मला आमच्या पडवीच्या पागोळ्या ऐकू आल्या. बाहेर रात्री बाराला अंग भाजत होतं, आणि मी आषाढात आमच्या पडवीत झोपले होते.

मेच्या मध्यावर परीक्षेचं टेन्शन वाढलं तशी चांदाची झोप उडाली. दार उघडं, कॉरिडॉरभर पोरी मोठमोठ्याने पाठ करत फिरायच्या. एका रात्री ती माझ्या कॉटपाशी येऊन उभी राहिली.

“बदलतं का? महिनाभर. वरचे पैसे देतो मी तुले.”

मी म्हटलं, नको, मला इथे चांगली झोप लागते.

“इथं? या आवाजात?”

“हो. ते थेंब पडतात ना, मला आवडतं.”

ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग ट्यूब लावली, पॅटर्नच्या टेबलावरून तो वहीचा कागद शोधून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

“आवडते म्हणते. मंग दोनशेत काऊन झोपून राह्यली? काढ, शंभर काढ.”